पैरवी कोणाची?

पेण स्टेशनाबाहेर एका सकाळी मोबाईलचोर सापडला होता. चारपाच जणांनी त्याची कॉलर धरली होती, ज्या बाईंचा मोबाईल गेला होता त्यांच्या हातात तो परत आलाही होता, आणि आता चोराला दोन ठेवून द्याव्यात की चार, एवढाच प्रश्न उरला होता. तेवढ्यात गर्दीतून एक पांढरा सदरा पुढे आला आणि म्हणाला, "थांबा. पैरवी कोणाची?"

गर्दीला काही कळेना. सदऱ्याने समजावून सांगितलं. चोरी गाडीत झाली असेल तर मामला रेल्वेच्या पोलिसांचा. रिक्षा स्टँडवर झाली असेल तर गावच्या पोलिसांचा. मोबाईल खुद्द रेल्वेच्या मालकीचा असता तर त्यांचं सुरक्षा दल निराळं, पण तो तसा नाही, सबब ते सोडून देऊ. तर बाईंनी आठवून सांगावं, पर्स उघडी कुठे दिसली? बाई म्हणाल्या, इथेच, स्टँडवर. "दिसली इथं. पण उघडली कुठं?" यावर गर्दीत दोन तट पडले. वाद वाढायला लागला तसा शेवटी चोरच म्हणाला, "साहेब, हमरापूर सोडल्यावर. गाडी चालू होती."

"बघा," सदरा लोकांना म्हणाला, "एवढ्या माणसांत धड जबाब देता येतो तो ह्यालाच."

मग रेल्वेच्या पोलिसांना फोन लावायचा ठरलं. जो तो खिसे चाचपू लागला. ज्यांनी कॉलर धरली होती त्यांनाही मोबाईल काढायला हात मोकळे करावे लागले. चोर सावकाश चालत गेला, रिक्षात बसला आणि रिक्षा सुटली. लोक सदऱ्यावर भडकले. सदरा शांत होता. "जाईना का," तो म्हणाला, "हद्द तरी ठरली."

हे आमचे गजानन मोकल. निवृत्त हवालदार, मुक्काम जिते.

मोकल पोलिसात होते, पण त्यांनी जन्मात चोर पकडला नाही. त्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली. ते पैरवी हवालदार. म्हणजे खटला उभा राहिला की साक्षीदारांना समन्स पोचवायची, मुद्देमाल हजर करायचा, तारखा सांभाळायच्या आणि सरकारी वकिलाने हात पुढे केला की त्या हातात नेमका कागद ठेवायचा. त्या पंचवीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की जगात गुन्हे पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा धनी वेगळा आहे. सामान्य माणसाला वाटतं, गुन्हा झाला की पोलीस. या समजुतीचा मोकलांना मनस्वी राग. "पोलीस हे सरकारचं एक खातं हाय. सरकार नव्हे," ते म्हणत. झाड तोडलं तर खटला भरणार वनखातं. मापात मारलं तर वजनमापेवाले. हातभट्टीला दारूबंदीवाले, कारखान्यात हात तुटला तर कारखाने निरीक्षक. प्रत्येकाचा कायदा निराळा, फिर्यादी निराळा, कधीकधी कोर्टही निराळं. "फिर्याद काय, कोणबी देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "पैरवी कोणाची ते बोला."

हे वेड घरातही होतं. एकदा मी जित्याला त्यांच्याकडे गेलो असताना वहिनी दूधवाल्यावर करवादत होत्या. लिटरात दूध कमी, आणि आहे त्यात पाणी. मोकल आतून म्हणाले, "दोन गुन्हे हायत. कमी दिलं तो वजनमाप्यांचा, पाणी घातलं तो अन्नभेसळवाल्यांचा. एका अर्जात घालू नको, दोन्हीकडून परत येईल." वहिनी म्हणाल्या, "आणि ह्या दुधाचा चहा तुमच्या पुढ्यात आपटला, तर तो कोणाचा?" मोकलांनी थोडा विचार केला. "तो घरगुती. त्याला पैरवी नाय," ते म्हणाले आणि मुकाट्याने बिनदुधाचा चहा प्यायले.

पण त्यांचा खरा लाडका किस्सा डुकराचा. नागोठण्याकडच्या एका गावात कुणीतरी विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताच्या कडेने उघडी तार सोडली. त्या तारेला चिकटून रानडुक्कर मेलं. डुक्कर मारलं म्हणून वनखात्याचा एक खटला. आकडा टाकला म्हणून वीजचोरीचा दुसरा. माणसाच्या जिवाला धोका होईल अशी तार टाकली म्हणून पोलिसांचा तिसरा. तीन खाती, तीन फायली. "आणि एकाच्या कागदात दुसऱ्याची रेघ नाय," मोकल सांगत. एका डुकराचे तीन खटले! हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसे की ते डुक्कर याच कामासाठी जन्माला आलं होतं असं वाटावं. हा किस्सा मी त्यांच्याकडून किमान तीसदा ऐकला असेल. त्यांच्या माघारी चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करून मी तो त्याहून जास्त वेळा सांगितला. त्याचं आता वाईट वाटतं, आणि ते का, तेच पुढे सांगायचं आहे.

माझा धंदा अर्ज टाईप करण्याचा. पूर्वी रोह्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसायचो, आता पेणला कोर्टाजवळ कॉम्प्युटर, झेरॉक्स आणि दोन खुर्च्या आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यातली एक खुर्ची मोकलांची. सकाळच्या गाडीने जित्याहून येतात, काखेत पिशवी. पिशवीत खात्यांच्या नावांची जुनी पाकिटं, प्रत्येकात त्या त्या ऑफिसचा पत्ता, जिना, टेबल. माझ्याकडे अर्ज घेऊन कुणी आला की तो तोंड उघडायच्या आत प्रश्न येतो, "पैरवी कोणाची?" गिऱ्हाईक गोंधळतं. मोकल त्याचं सगळं ऐकून घेतात, बरोबर पाकीट काढतात आणि मग करतात ते काम बघून नवीन माणूस घाबरतो. ते त्याचा हात ओढतात, तळवा उलगडतात आणि बॉलपेनाने त्यावर एक तारीख लिहितात.

मुदतीची तारीख. त्या खात्याकडे अर्ज पोचायची शेवटची. कागदावर का लिहीत नाही असं विचारलं तर म्हणतात, "कागद ट्रंकेत जातो. हात कुठं जाईल?" पेणच्या बाजारात भाजी घेताना कुणाच्या तळव्यावर निळी तारीख दिसली तर समजावं, हा मोकलांच्या तावडीतून सुटून आलाय. जोह्याच्या एका मूर्तिकाराला त्यांनी ऐन सीझनमध्ये अशी तारीख लिहिली. मुंबईच्या मंडळाने ठरलेली मूर्ती नेलीच नाही, अशी त्याची तक्रार होती. बिचारा दिवसभर रंगात हात बुडवत होता, संध्याकाळी तारीख दिसेना म्हणून धावत दुकानात आला. मोकलांनी ती मनगटावर लिहून दिली.

एवढ्यावर थांबत नाहीत. माणूस अडाणी किंवा बुजरा वाटला तर त्याला हाताला धरून स्वतः त्या ऑफिसात नेतात. अलिबाग म्हणू नका, पनवेल म्हणू नका. पोचपावतीचा शिक्का बसल्याशिवाय परतत नाहीत. मी त्यांना चिडवायचो, "मोकलभाऊ, लोक तुम्हाला 'खातेवाटप' म्हणतात. आता तर तुम्ही वाटप झाल्यावर खातं दारापर्यंत पोचवताय." ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

दर महिन्याला एक दिवस मात्र ते दुकानात नसत. रोह्याला जात. पेन्शनचं काहीतरी असेल, असं मी धरून चाललो होतो. गेल्या पावसाळ्यानंतर वहिनींचा फोन आला. "अरुणभाऊ, ह्यांना परवा गाडीत चक्कर आली. रोह्याला जायचं सोडत नायत. उद्या जरा त्यांच्याबरोबर जाल का? मी सांगितलं म्हणू नका." मी माझंही रोह्याला काम निघाल्याचं सांगून त्यांच्याबरोबर गाडीत चढलो. मोकल माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या वहिनींनी पाठवलं ना?" आणि खिडकीजवळची जागा मला दिली.

कासू गेल्यावर त्यांनी विचारलं, "जानकी आठवते का, अरुणशेठ?"

मला आठवेना. मग त्यांनी सांगितलं आणि मला सगळं आठवलं.

मी रोह्याला बसत होतो तेव्हाची गोष्ट. सहासात वर्षं झाली. नदीकाठच्या एका वाडीतली जानकी नावाची तरुण बाई दिवाळीच्या चार दिवस आधी माझ्या टेबलाशी आली होती. तिचा नवरा लहू धाटावला एका कंपनीत कंत्राटदाराकडे मजुरी करायचा. टाकी साफ करायला आत उतरला तो वायूने गुदमरून मेला. कंत्राटदार म्हणत होता, लहू त्या दिवशी कामावर नव्हताच, मागच्या बाजूने आपणहून आत शिरला. जानकीकडे प्लास्टिकच्या पिशवीत लहूचा गेटपास होता, त्यावर त्याच दिवसाचा शिक्का. म्हणजे तो कामावर होता एवढं सांगणारा एकच कागद जगात होता, आणि तो तिच्या हातात होता. तिला दुसरं काही नको होतं. तो चोरासारखा शिरला नव्हता, एवढं कोर्टाने म्हणावं, असं ती म्हणत होती.

मी नेहमीप्रमाणे पोलिसांच्या नावे अर्ज टाईप केला. मोकल तेव्हा ड्युटीवर होते. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "हा पोलिसांचा नाय. टाकी, वायू, सुरक्षेचा पट्टा न देणं, हे सगळं कारखाने निरीक्षकाचं. खटला तेच भरतात, तेच चालवतात." पहिला अर्ज फाडला. मी दुसरा टाईप केला, जानकीने अंगठा उठवला. मोकलांनी एका चिठ्ठीवर त्या ऑफिसचा पत्ता, जिना, टेबल, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. "अर्ज नि पास तिथं हातोहात द्यायचा," ते म्हणाले. जानकीने विचारलं, "आजच जाऊ काय?"

मोकल म्हणाले, "केव्हाबी जा. ऑफिस रोज उघडं असतं."

दिवाळी झाली आणि वाडीतली माणसं दरवर्षीसारखी वीटभट्टीवर गेली. जानकीही पोरींना घेऊन गेली. पावसाच्या तोंडावर परत आली ती चिठ्ठी, अर्ज आणि पास जसाच्या तसा घेऊन, मोकलांना विचारायला, की आता जाऊ ना?

"मुदत तीन महिन्यांची होती," मोकल मला गाडीत म्हणाले. "निरीक्षक येऊन बघून गेला त्या दिवसापासून. मला ठाव होती."

"मग तिला सांगितली का नाहीत?"

"मुदत बघणं त्या खात्याचं काम, असं वाटलं. माझं काम खातं सांगायचं. ते मी बरोबर सांगितलं."

मग ते एकटेच त्या ऑफिसात गेले होते. तिथला कारकून चांगला होता, त्याने फाईल काढून दाखवली. 'मयत इसम कामावर असल्याचा पुरावा नाही' असा शेरा मारून ती बंद झाली होती. पोलिसांकडे गेले, तर तिथे अकस्मात मृत्यू म्हणून कागद मिटलेला. प्रदूषणवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, वायू कंपनीच्या भिंतीबाहेर आला असता तर आमचा. कोणी वाईट वागलं नाही, सगळे आपापल्या जागी बरोबर होते, असं मोकलांनी मला दोनदा सांगितलं.

"एका डुकराचे तीन खटले झाले, अरुणशेठ," ते म्हणाले. "माणसाचा एक नाय झाला."

नागोठणं येऊन गेलं. मला दुसरंच आठवत होतं. रोह्याला माझ्या टेबलासमोर रस्त्यापलीकडे पोस्ट होतं. जानकीने अंगठा उठवला तेव्हा तिच्या डोक्यावर बोचकं होतं आणि कडेवर पोर होती. तो अर्ज आणि पासाची झेरॉक्स पाकिटात घालून रजिस्टर करायला मला दहा मिनिटं लागली असती. तेव्हा तसं मनातही आलं नाही. मी टायपिस्ट. टाईप करून दिलं की माझं काम संपतं, हे माझं वाक्य होतं. मोकलांच्या 'पैरवी कोणाची'ची मी जन्मभर चेष्टा केली, आणि माझं वाक्य त्याचंच धाकटं भावंड होतं. मला माझी लाज वाटली.

रोह्याला उतरून आम्ही रिक्षाने वाडीवर गेलो. जानकी आता भट्टीवर जात नव्हती, ओटीवर वाट बघतच होती. केस पिकायला लागले होते. "आलाव, दादा?" ती म्हणाली आणि आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मोकल मांडी घालून बसले, चष्मा लावला आणि पिशवीतले कागद एकेक करून जमिनीवर मांडले. मग त्यांनी मी टाईप केलेला अर्ज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कोर्टात पुकारा होतो त्या आवाजात. "लहू जान्या वाघमारे, वय वर्षे एकतीस, धंदा मजुरी." जानकी डोक्यावर पदर घेऊन ऐकत होती. सगळा अर्ज वाचून झाला. "पास हाय. अर्ज हाय. चिठ्ठी हाय," मोकल म्हणाले, "कागद पुरे हायत. आज साहेब रजेवर हायत गो. पुढची तारीख पडलीय."

मुदत संपून वर्षं लोटली होती. साहेब नव्हते, तारीख नव्हती, खटलाच नव्हता. या माणसाने तिला खरं सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगायची हिंमत होत नाही म्हणून दर महिन्याला जित्याहून इथवर येऊन तो एका नसलेल्या खटल्याची पैरवी करत होता.

ते हापशावर तोंड धुवायला गेले. मी जानकीला काय बोलावं याचा विचार करत होतो, तोच ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय?"

"खटलाच नाय म्हणून. माझा भाऊ दुसऱ्याच वरसाला हापिसात जाऊन इचारून आला. कवाच बंद झाला म्हणाले." ती कागद परत पिशवीत भरत होती, एकेकाची घडी नीट करून.

"मग त्यांना सांगत का नाहीस गो?"

"काय सांगू? सांगितलं त येतील काय ते?" ती म्हणाली. "कंपनीवाले त्याचं नाव घेत नाय. हापिसात घेत नाय. महिन्यातनं एक डाव कोन तरी त्याचं नाव वाचतं, मोठ्यानं, पोरी ऐकतात. बा कामावर व्हता म्हणून ऐकतात." मग हापशाकडे बघून म्हणाली, "आन् दादांनाबी बरं वाटतं. पहिल्यांदा आले तवा तोंड वर करत नव्हते. आता चाय पितात."

मोकल रुमालाने तोंड पुसत आले. बसले, कोरा चहा घेतला. मग खिशातून बॉलपेन काढलं. जानकीने तळवा पदराला पुसला आणि पुढे केला. त्यांनी पुढल्या महिन्याची तारीख लिहिली, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, आणि फुंकर मारली.

मी माझा हात पुढे केला. "माझ्याही हातावर लिहा, मोकलभाऊ."

"तुमचं काय काम, अरुणशेठ?"

"अर्ज मी टाईप केला होता," मी म्हणालो. "पोस्ट समोरच होतं."

पैरवी कोणाची, असं त्यांनी विचारलं नाही. माझा हात ओढून घेतला आणि तीच तारीख लिहिली.

परतीच्या गाडीत ते झोपले. उकडत होतं. घामाने अक्षरं फिसकटू नयेत म्हणून पेण येईपर्यंत मी तळवा उघडा ठेवून बसलो होतो.